पंपघराची वही

वही लांबट. मिलच्या हिशेबाची,
वर रुपये, आणे, पै छापलेले.
त्या रकान्यांत आज्याने वणा नदी भरली.

त्याला अक्षर येत नव्हतं.
एक फूट पाणी म्हणजे एक उभी रेघ,
आणि शेजारी, कापसाची वात नदीत बुडवून,
कागदावर एक टिपका.
झाला दिवस.

उरकुडा निमजे, पंपवाला, तिकीट नंबर एकोणनव्वद.
वरची चार भावंडं गेली म्हणून
उकिरड्यावर लोळवून वाचवलेला पोरगा.
बॉयलरला पाणी देणं एवढंच त्याचं काम.
टिपके कोणी सांगितले नव्हते.

त्याच घाटावर आधी आमचे लोक
हातमागाचं सूत भिजवायचे,
खळ देऊन बाभळीखाली ताणायचे.
मग शेटजींची चिमणी उभी राहिली.
स्टेशनापासून बॉयलर ओढायला
बावीस बैलजोड्या लागल्या म्हणतात,
आणि मागाच्या खड्ड्यांत त्या साली
बायांनी कांदे साठवले.

रंगखात्याची मोरी पंपघराच्या खालच्या अंगाला.
आजा वात घेऊन दहा पावलं उतरायचा.
जांभळा, जांभळा, हिरवा. लग्नसराई.
गुलाबी, कडेने फुटलेला, पोळ्याच्या तोंडी.
मग सलग चार वर्षं खाकी.
कुठेतरी लढाई चालली होती.
आमच्याकडे ती म्हशींच्या पायांना लागून आली:
खालच्या गावची म्हसरं संध्याकाळी घरी यायची
गुडघ्यापर्यंत शिपाई.

मग एक पांढरा.
पांढरा नाही. नुसतं पाणी,
वाळलेल्या पाण्याची पुसट कड.
एक्केचाळीस दिवस तेच.
संपात मासे परत आले, बापू सांगायचे,
आणि संपकऱ्यांनी तेच खाल्ले.
बेचाळिसाव्या दिवशी लाल.
घरात भाकर आली, नदीतली मरळ गेली.

त्यापुढे अक्षरं. बापूंची, चौथी पास,
पेन दाबून लिहिलेली, मागच्या पानावर उमटलेली:
पाणी ५ फूट ३ इंच. निळा. मिल सरकारी झाली. पाटी बदलली.
पाणी ११ फूट. पंप बुडाला. कोणाची तरी शेळी वाहून आली, जिवंत. परत केली.
पाणी १ फूट. साचेखात्यातली दोनशे माणसं बसवली. माझं नाव नाही.
पाणी ४ फूट. रंग नाही.
रंग नाही.
रंग नाही.

नदी स्वच्छ झाली ती कायमची.
घाटावर कोणाला आवडलं नाही.
रीलिंगमधली फुलवंता हेडाऊ कित्येक दिवस यायची,
पाण्याला हात लावून बघायची,
तापल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.

यंत्रं भंगारात गेली. पंपही गेला.
त्यानंतर नऊ वर्षं बापू लिहीत राहिले.
कोणासाठी, विचारलं एकदा.
"पानी का मिलचं व्हतं का बाप्पा?"
एवढंच म्हणून चप्पल शोधू लागले.

मागच्या मार्चात पाटबंधारे खात्याचा पोरगा आला.
त्याच्या ऑफिसात जुन्या पुरांचे आकडेच नव्हते.
मोबाईलवर पानापानाचा फोटो घेतला.
टिपक्यांपाशी थांबून म्हणाला,
काका, इथे शाई सांडली का?
मी हो म्हणालो.
का म्हणालो, अजून कळत नाही.

पंपघराचं छप्पर उडालं,
भिंतीवर डांबराने काढलेले फूट शाबूत आहेत.
चैत्रात पात्र कोरडं पडलं की
वस्तीतली पोरं तिथे टाचा टेकवून उभी राहतात,
डोक्यावर चप्पल आडवी धरून उंची मोजतात.
काल ईश्वरी पराते. तीन फूट पाच इंच.
बोटांवर उभी होती, मी बोललो नाही.

घरी येऊन वही काढली. आकडा लिहिला.
रंगाच्या जागी पेन थांबलं.

फ्रॉक पिवळा होता तिचा.